खांद्याच्या मापाची रायफल

वाशिम जिल्ह्यातील धनजच्या शिवारात हरभऱ्याला घाटे धरले की रात्रीची जागल सुरू होते. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य याच जिल्ह्यातले. काळवीट, रोही आणि रानडुकरांचे कळप एका रात्रीत उभे पीक लोळवून जातात. शेतकरी डबे वाजवतो, बॅटरीचा झोत फिरवतो. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागण्याची सोय कायद्यात आहे. आपल्याकडच्या गावांत बंदुकीची ओळख साधारण एवढीच असते: जागलीची, पोलिसाची आणि बँकेच्या दारातल्या रखवालदाराची. तिन्ही राखणीच्या.

१ ऑगस्ट २०२४ रोजी गावोगाव लोकांनी मोबाईलवर एक वेगळीच बंदूक पाहिली. फ्रान्समधील शातोरू येथे, पॅरिस ऑलिम्पिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकत होता. या प्रकारातल्या रायफलीवर जागोजागी स्क्रू, गालासाठी वरखाली सरकणारी पट्टी आणि खांद्यामागे वळलेला आकडा असतो. तिने कुणाची राखण होत नाही आणि शिकारही होत नाही. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून, ५० मीटरवरच्या १०.४ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात ५.६ मिलिमीटरची गोळी घालायची, हे तिचे एकमेव काम.

हे काम सोपे वाटते, पण ते माणसाच्या देहाशी बांधलेले आहे. मानेची लांबी, गालफडाची उंची, हाताची पोच आणि छातीचा घेर यांपैकी एक माप चुकले की डोळा माशीच्या रेषेत सहज येत नाही, मान आखडते आणि गोळी बाहेर जाते. शिंपी अंगाचे माप घेऊन सदरा बेततो, तशी नेमबाजीची खरी रायफल एका माणसासाठी बेतलेली असते. म्हणूनच युरोप-अमेरिकेत जुन्या, खास बनवून घेतलेल्या नेमबाजीच्या रायफलींचे संग्राहक आहेत. त्यांच्यासाठी अशी प्रत्येक रायफल म्हणजे एका नेमबाजाच्या देहाचा ठसा असतो. आपल्याकडे असा संग्रह का उभा राहिला नाही आणि तरीही जगज्जेते नेमबाज कसे तयार झाले, याची ही हकिकत.

रेशमी दोरी आणि गावजत्रा

नेमबाजीच्या रायफलीचा जन्म दोन ठिकाणी झाला. एक ठिकाण स्वित्झर्लंड आणि दक्षिण जर्मनीतल्या गावांचे. तिथे नेमबाजांची मंडळे शतकानुशतके चालत आलेली होती आणि त्यांच्या स्पर्धा म्हणजे गावजत्राच. एकोणिसाव्या शतकात तिथले बंदूककार गिऱ्हाईकाला समोर उभे करून रायफल बेतत. नळी जाड आणि जड, म्हणजे हात हलला तरी ती हलणार नाही. दस्त्याचा मागचा भाग चंद्रकोरीसारखा, दंडात अडकणारा. पुढच्या हाताखाली लाकडी मूठ. चाप दोन: पहिला ओढून यंत्रणा ताणून ठेवायची, दुसऱ्याला बोट नुसते टेकले की गोळी सुटते. अमेरिकेत गेलेल्या जर्मनांनी हा छंद सोबत नेला आणि हॅरी पोपसारखा नळ्यांचा कारागीर तिथे दंतकथा झाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन संस्कृतीविषयी रोष वाढला, ही मंडळे ओसरली आणि त्यांच्या रायफली संग्राहकांच्या कपाटांत गेल्या.

दुसरे ठिकाण इंग्लंडचे. फ्रान्स चालून येईल या भीतीने तिथे १८५९ साली स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या आणि त्यांना नेमबाजी शिकवण्यासाठी नॅशनल रायफल असोसिएशन निघाली. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते पहिला बार झाला. जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने षट्‌कोनी पोकळीच्या नळीची आपली रायफल लोखंडी आधारावर घट्ट बसवली आणि ४०० यार्डांवरच्या लक्ष्यावर रोखून ठेवली. राणीने चापाला बांधलेली रेशमी दोरी तेवढी ओढली. गोळी लक्ष्याच्या मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली. अचूकपणा सारा यंत्राचा होता, खांद्याची गरजच पडली नव्हती.

दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) खेड्यांतल्या बोअर नेमबाजांनी इंग्रजी सैन्याला हैराण केले, तेव्हा सेनापती लॉर्ड रॉबर्ट्‌स यांनी कामगारांसाठी स्वस्त नेमबाजीची चळवळ उचलून धरली. लहान दारूचे .२२ काडतूस आणि गल्लीच्या मागच्या अंगणात मावेल एवढे मैदान यांवर शेकडो क्लब चालू लागले. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने त्यांच्यासाठी मार्टिनी पद्धतीच्या रायफली बनवल्या. दस्त्याखालची तरफ खाली ओढली की ठोकळा उघडतो, एक काडतूस घालायचे, तरफ वर. साधी, टिकाऊ आणि विलक्षण अचूक. पुढे हीच बनावट साम्राज्यभर गेली आणि हिंदुस्थानातही पोचली. पण इथे ती कुणाच्या खांद्याला लागणार, हे तोवर एका कायद्याने ठरवून टाकले होते.

एका कायद्याची किंमत

१८५७ नंतर इंग्रज सरकारने प्रांतोप्रांती हत्यारे गोळा केली. १८७८ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायचे तर परवाना हवा, युरोपीय आणि अँग्लो-इंडियन यांना माफी. मुंबई, पुणे, नागपूर येथे स्वयंसेवक रायफल पलटणी होत्या, मैदाने होती, करंडक होते. पण ते जग गोऱ्यांचे होते. संस्थानिकांकडे शिकारीच्या उंची बंदुका येत. मार्टिनीची नळी साहेबाच्या किंवा राजाच्या हातात, आणि पाटलाच्या माळ्यावर धूळ खाणारी जुनी ठासणीची बंदूक सरकारच्या वहीत, अशी वाटणी झाली.

ही बोच सुशिक्षितांच्या मनात खोल होती. काँग्रेसने १८८६ साली कलकत्त्याला हिंदी लोकांना स्वयंसेवक पलटणींत घेण्याची मागणी केली आणि १८८७ साली मद्रासला हत्यारांच्या कायद्यात बदल मागितला. हे ठराव पुढेही होत राहिले. १९१८ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना महात्मा गांधींनी जे पत्रक काढले, त्यात साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राजवटीच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणला जाईल, अशा आशयाचे वाक्य होते. अहिंसेच्या उपासकाने हे लिहावे याचे अनेकांना नवल वाटते. त्यामागचा विचार असा की ज्याला हत्यार उचलता येते, त्यानेच ते खाली ठेवण्याला अर्थ असतो. सक्तीने रिकाम्या केलेल्या हातांना अहिंसक म्हणता येत नाही.

त्याच वर्षीच्या खेडा सत्याग्रहात गांधींबरोबर अहमदाबादचा एक तरुण मराठी वकील काम करत होता. भारतीय नेमबाजीच्या इतिहासात त्याचे नाव पहिले येते.

दादासाहेबांची संस्था

गणेश वासुदेव मावळंकर यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्याचा. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातील मावळंगे गावचे. लहानपणीचे शिक्षण काही काळ राजापूरला झाले, पुढे अहमदाबादेत पदवी आणि मुंबईत कायद्याची परीक्षा. सत्याग्रह आणि तुरुंगवास यांत उमेदीची वर्षे गेली. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या माणुसकीवर त्यांनी गुजरातीत पुस्तक लिहिले. १९३७ ते १९४६ ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते आणि १९५२ साली स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. लोक त्यांना दादासाहेब म्हणत.

या दादासाहेबांनी १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन केली. पहिले अध्यक्षही तेच. खादीतला, कैद्यांच्या कथा लिहिणारा माणूस रायफल संघटनेचा संस्थापक व्हावा, हे काळाच्या संदर्भात पाहिले तरच नीट उमगते. फाळणीचा रक्तपात आणि काश्मीरचे युद्ध नुकतेच होऊन गेले होते. १९४८ साली राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली होती. हत्यारांचा जुना कायदा अजून तसाच होता. नवा कायदा १९५९ साली व्हायचा होता. स्वराज्यातल्या नागरिकाला हत्यार नियमात राहून, शिस्तीने आणि खेळ म्हणून हाताळता यावे, या हेतूत १८८७ च्या ठरावाची पूर्तता होती असे मला वाटते. कायदा मोडून मिळवायचे ते मिळाले होते. आता कायद्यात राहून शिकायचे होते.

पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये हरिहर बॅनर्जी आणि सौरेन चौधरी हे बंगालचे नेमबाज रायफल घेऊन उतरले. त्याच हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक पुन्हा मिळायला ७२ वर्षे लागली आणि ते रायफलीने मिळाले.

दादासाहेब १९५६ साली गेले. आज राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी होणारी अखिल भारतीय पात्रता स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. ‘मावळंकर खेळून आलो’ म्हणणाऱ्या मुलांपैकी किती जणांना हे नाव संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावाचे आहे हे ठाऊक असेल?

एक रायफल, अनेक खांदे

संघटना झाली, पण रायफली कुठून आणायच्या? युरोपात याच काळात या हत्याराचे रूप झपाट्याने पालटत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतला थुरिंगिया प्रांत सोव्हिएत अमलाखाली गेला, आणि झेला-मेहलिस या बंदूककारांच्या गावातला आन्शुट्झ कारखाना १९५० साली पश्चिमेकडच्या उल्म शहरात नव्याने उभा राहिला. स्वित्झर्लंडमधला हेमर्ली, जर्मनीतलेच वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊ अशी आणखी नावे पुढे आली. कारागिराची जागा कारखान्याने घेतली. अंगाचे माप घेऊन लाकूड कोरण्याऐवजी मापाप्रमाणे सरकवता येतील असे भाग आले. स्पर्धेच्या नियमांनी वजनाची हद्द घातली. ३०० मीटरवर मारा करणाऱ्या थोरल्या रायफलीचा प्रकार १९७२ नंतर ऑलिम्पिकमधून गेला आणि त्यासाठी घडवलेल्या देखण्या स्विस रायफली संग्रहाच्या वस्तू झाल्या. १९८४ साली दहा मीटरची एअर रायफल ऑलिम्पिकमध्ये आली; तिच्या लक्ष्याचा दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. दर दहा-पंधरा वर्षांनी आदली पिढी जुनी ठरत होती.

आपल्याकडे मात्र जुनी रायफल जुनी व्हायलाच तयार नव्हती. परकी चलनाची चणचण, आयातीची बंधने, त्यावर जकात आणि परवाना. काडतुसांचीही तीच गत. छात्रसेनेच्या शिबिरात साऱ्या तुकडीने आळीपाळीने त्याच .२२ रायफलींवर पालथे पडायचे. क्लबातही एकच रायफल सकाळी एकाच्या, दुपारी दुसऱ्याच्या खांद्याला. युरोपीय धिप्पाड पुरुषासाठी बेतलेल्या दस्त्याला मराठी मुलीने आपला देह जुळवून घ्यायचा. जे हत्यार माणसाच्या मापाने बनायला हवे, त्याच्या मापाने माणूस घडत होता.

या अडचणीतून महाराष्ट्राची शाळा उभी राहिली. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान होते. कीर्ती महाविद्यालयातल्या छात्रसेनेतून आलेली अंजली वेदपाठक १९८८ साली तिथे पोचली आणि रायफल हातात घेतल्यावर काही दिवसांतच अहमदाबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. लग्नानंतरची ही अंजली भागवत. तिचे गुरू संजय चक्रवर्ती यांनी वरळीत तिच्यासोबत सुमा शिरूर, दीपाली देशपांडे अशा अनेकांना घडवले. चक्रवर्तींची शिकवण रायफलीपेक्षा शरीराकडे अधिक लक्ष देणारी: श्वास कुठे थांबवायचा, वजन कोणत्या पायावर टाकायचे, मन कसे रिकामे ठेवायचे.

फळ उशिरा आले, पण एकदा येऊ लागल्यावर थांबले नाही. सिडनी ऑलिम्पिकमध्ये २००० साली अंजलीने एअर रायफलच्या अंतिम फेरीत मजल मारली. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके, त्याच वर्षी म्युनिकच्या ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ लढतीत पुरुषांसह साऱ्यांना मागे टाकून विजेतेपद, आणि जागतिक क्रमवारीत पहिले स्थान. २००४ साली क्वालालंपूरला सुमा शिरूरने ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्याच वर्षी दीपाली देशपांडे अथेन्स ऑलिम्पिकला गेली.

कोल्हापूरची वाट

कोल्हापूर हे शिकारीच्या बंदुकांचे जुने शहर. नव्या राजवाड्यातल्या शहाजी छत्रपती संग्रहालयात छत्रपती घराण्याची हत्यारे आजही पाहायला मिळतात. पण शहराच्या नेमबाजीचा नवा इतिहास घडला तो दुधाळीच्या मैदानावर. तिथे जयसिंग कुसाळे यांच्याकडे तेजस्विनी सावंत शिकली. वडील नौदलात होते. मुलीच्या रायफलीसाठी घराने पैशाची किती ओढाताण सोसली, हे पुढे सर्वांना कळले. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदके मिळवली. २०१० च्या फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून मारण्याच्या, प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून, विश्वविक्रमाशी बरोबरी करत, ती जगज्जेती झाली. नेमबाजीत जगज्जेती होणारी ती पहिली भारतीय स्त्री.

पुढचा दुवा कांबळवाडीचा. शिक्षक वडिलांनी स्वप्नीलला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तिथून नाशिकचे मैदान, मग रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी. काडतुसांच्या खर्चासाठी वडिलांनी कर्ज काढले. त्याची मार्गदर्शक दीपाली देशपांडे, म्हणजे वरळीची विद्यार्थिनी. शातोरूच्या मैदानावर चीनचा लिउ युकुन पहिला, युक्रेनचा सेऱ्ही कुलिश दुसरा आणि कांबळवाडीचा मुलगा तिसरा आला, तेव्हा त्या एका खांद्यामागे वरळीपासून राधानगरीपर्यंतचे कितीतरी खांदे उभे होते.

काय मिळाले, काय हरवते आहे

या दीड शतकाचा हिशेब मांडताना दोन्ही बाजू पाहायला हव्यात. १८७८ च्या कायद्याने नेमबाजीची लोकपरंपरा उगवण्याआधीच खुडली. स्वित्झर्लंडमधल्या गावाला त्याच्या मंडळाची, बंदूककाराची, आज्याच्या रायफलीची आठवण आहे. आपल्या गावाला परवान्याची आहे. स्वतंत्र भारताच्या कायद्यानेही सावधपणा सोडला नाही, आणि दर निवडणुकीत हत्यारे जमा करावी लागणाऱ्या देशात तो सोडूही नये. परवाना माणसाच्या नावे असतो. माणूस गेला की वारसाने स्वतःचा परवाना मिळवायचा किंवा हत्यार पोलिस ठाण्यात अथवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचे. मुदतीत कुणी पुढे आले नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा तीनवरून दोनवर आली. खेळाडूंना मात्र सूट आहे. २०२० साली केंद्राने नामवंत नेमबाजांची मर्यादा वाढवून १२ पर्यंत नेली आणि केवळ जुनी, संग्राह्य वस्तू म्हणून जवळ ठेवायच्या हत्यारांसाठी परवान्याची अट काढली. ती वापरायची वा इकडून तिकडे न्यायची तर परवाना लागतोच.

म्हणजे संग्रहाची वाट आता पूर्वीइतकी बंद नाही. मला काळजी वाटते ती क्लबांच्या कपाटांतल्या जुन्या रायफलींची. तरफेच्या मार्टिनी, लाकडी दस्त्यांच्या पहिल्या आन्शुट्झ, स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफली स्पर्धेतून बाद झाल्या आहेत. बाजारात त्यांना फारशी किंमत नाही, आणि परवान्याचे नूतनीकरण हा जाच वाटतो. एक दिवस त्या मोडीत जातील. परदेशातला संग्राहक रायफल घेताना कारागिराचे नाव आणि पहिल्या मालकाचे नाव विचारतो. आपल्या रायफलींना पहिला मालक नाही, पण त्यांच्यापाशी त्याहून मोठे काही आहे: एकामागोमाग एक त्यांच्यावर गाल टेकलेल्या मुलामुलींची रांग.

त्या रायफलींच्या यंत्रणा कायद्याप्रमाणे निकामी करून त्या संग्रहालयांत ठेवता येतील. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने घराघरांतले दिवे आणि अडकित्ते गोळा करून मराठी संसाराचा इतिहास राखला. तसेच हेही राखता येईल. प्रत्येक रायफलीशेजारी पाटी हवी: ही कोणत्या मैदानावर होती आणि हिच्यावर कोण कोण शिकले. ती माहिती देणारे प्रशिक्षक आज सत्तरी-ऐंशीत आहेत. संजय चक्रवर्ती २०२१ साली गेले. विचारायचे ते आताच विचारायला हवे.

विम्बल्डनला १८६० साली रायफल लोखंडी आधारावर जखडलेली होती. दोरी कुणीही ओढली असती तरी गोळी तिथेच लागली असती. आपल्या मैदानांवर असा आधार कधी नव्हता. दुसऱ्याच्या मापाची रायफल, मोजकी काडतुसे आणि तिच्याखाली रोज सकाळी न हलण्याचा सराव करणारा एक खांदा, एवढ्यावर आपण दहाच्या वर्तुळात पोचलो. कपाटातल्या त्या जुन्या दस्त्यांवर गालाच्या घामाने लाकूड काळवंडले आहे. तो डाग पुसण्याआधी तो कुणाकुणाचा आहे, हे लिहून ठेवायला हवे.